हिशेबाचा पक्का माणूस : मगनवाडीचे कुमारप्पा

वर्धा : शहरात कुमारप्पा मार्ग आहे. पत्ता लिहिताना ते नाव रोज लिहिलं जातं. पण हे कुमारप्पा कोण, असं कुणी विचारलं तर भलेभले गडबडतात. गांधीजी, विनोबा, जमनालालजी ही नावं शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. त्याच काळात, त्याच वर्ध्यात आयुष्यातली सगळ्यात कामाची वर्षं घालवलेला हा तमिळ माणूस मात्र रस्त्याच्या पाटीपुरता उरला.

आज पर्यावरणपूरक जीवनशैली, शाश्वत विकास हे शब्द सरकारी फलकावर असतात आणि कॉलेजच्या भाषणातही असतात. हे शब्द चलनात नव्हते तेव्हा कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत त्यामागचा हिशेब मांडून ठेवला होता. हिशेब हा शब्द इथं मुद्दाम वापरला आहे, कारण ते साधू नव्हते आणि कवीही नव्हते. ते पेशाने हिशेब तपासनीस होते. विलायतेत शिकलेले.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. वडील बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरात शिस्त, इंग्रजी वळण आणि चर्च. लंडनला जाऊन ते अकाउंटंट झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत तिकडेच राहिले. परत आल्यावर मुंबईत स्वतःची फर्म काढली. सूट, बूट, मोठे ग्राहक, चांगली कमाई. असंच चालू राहिलं असतं तर मुंबईतला एक श्रीमंत अकाउंटंट म्हणून ते गेले असते आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिराक्यूज, मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथं एका चर्चमध्ये त्यांनी भाषण दिलं, विषय होता भारत गरीब का आहे. त्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आली आणि ती त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांच्या वाचनात आली. त्यांनी सांगितलं, याच विषयावर प्रबंध कर. मग हा माणूस इंग्रज सरकारच्या जमाखर्चाच्या वह्या उलटायला बसला. कर कुणाकडून किती घेतला, तो कुठे खर्च झाला, सैन्यावर किती गेला आणि शेतीवर किती, असं एकेक कलम तपासत गेला. तपासनिसाच्या नजरेला जे दिसलं त्यानं त्याची इंग्रजांवरची श्रद्धाच उडाली. मोर्चा नाही, भाषण नाही. आकड्यांनी माणूस बदलला. याच सुमारास कुटुंबानं कॉर्नेलियस हे आडनाव टाकून घराण्यातलं जुनं कुमारप्पा हे नाव घेतलं.

तो प्रबंध घेऊन ९ मे १९२९ ला ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. रेशमी कपडे आणि हातात काठी, असा थाट. वाटेत झाडाखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा चरखा फिरवत बसलेला दिसला. चरखा त्यांनी यापूर्वी कधी पाहिलाच नव्हता, म्हणून काठीला टेकून ते बघत राहिले. पाच-दहा मिनिटांनी म्हाताऱ्यानं बोळक्या तोंडानं हसून विचारलं, कुमारप्पा तुम्हीच का? तेव्हा उलगडलं, की हेच गांधी. मग रेशमी कपड्यासकट ते सारवलेल्या भुईवर बसले. गांधीजींनी तो प्रबंध आपल्या यंग इंडियात क्रमशः छापला आणि कुमारप्पांना लगेच कामाला लावलं. काम होतं गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचं. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन ते ५४ गावांत घरोघर फिरले. भाषा येत नव्हती. पण शेतकऱ्याचं उत्पन्न किती आणि त्यातून सारा, व्याज, खाणं किती, हे पहिल्यांदा कागदावर आलं.

पुढे सत्याग्रह, यंग इंडियाचं संपादन, तुरुंग हे सगळं झालं. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचा हिशेब राजेंद्रप्रसादांनी त्यांच्याकडे सोपवला. तिथला किस्सा जुने कार्यकर्ते सांगायचे. गांधीजी आपल्या माणसांसह बिहारला येणार होते. कुमारप्पांनी महादेवभाईंना आधीच कळवून टाकलं, की या मंडळींचा जेवणाचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च मदतनिधीतून मिळणार नाही, आपली सोय आपण करा. निधी भूकंपात घर गेलेल्यांचा होता, पाहुण्यांचा नव्हता. गांधीजींना हे खटकलं नाही. असाच माणूस त्यांना हवा होता.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपला बाग-बंगला दिला. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून जागेला मगनवाडी म्हणू लागले. अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, चिटणीस कुमारप्पा. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्याआधी गांधीजीही इथंच राहत होते.

मगनवाडीत काय चालायचं? तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, मधमाश्या, हातकागद, साबण, कंपोस्ट खत. ऐकायला ही बचत गटाच्या प्रदर्शनातली यादी वाटते. पण प्रत्येक कामामागे एकच प्रश्न होता : ही वस्तू कुठून येते, तिचे पैसे कुठे जातात, आणि वापरून झाल्यावर मातीत काय परत जातं?

तेलाचंच घ्या. आपल्या भागात जवस, भुईमूग, तीळ पिकायचा. बी गावातून गिरणीला जायचं किंवा थेट परदेशी बोटीवर. शेतकऱ्याच्या हातात रोकड यायची, पण तेल विकत, ढेप विकत. कुमारप्पा म्हणायचे, बी बाहेर गेलं म्हणजे जमिनीचा कसच बाहेर गेला. घाणी गावात असेल तर तेल घरात राहतं, ढेप बैलाला जाते, बैलाचं शेण वावरात जातं आणि तेल्याची चूलही पेटते. चारही कलमं गावाच्याच वहीत जमा होतात. म्हणून झवेरभाई पटेलांनी मगनवाडीत घाणी सुधारायला घेतली, तीच मगनवाडी घाणी म्हणून ओळखली गेली. आज सोयाबीनचं उलटं गणित जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. दाणा मार्केट यार्डात जातो, तेल पिशवीतून परत येतं, आणि ढेप देशाबाहेर जाते.

दिव्याचंही तसंच. तेव्हा खेड्यात रॉकेल शिरलं होतं. रॉकेल जमिनीतून एकदा काढलं की संपलं, शिवाय पैसा परदेशी कंपनीला. मगनवाडीत मगनदीप तयार झाला. वनस्पतींच्या तेलावर, खायच्या उपयोगाचं नसलेल्या तेलावरसुद्धा जळणारा कंदील. कडुनिंब आणि करंज आपल्याकडे बांधाबांधावर. धूर कमी करणारी, लाकूड वाचवणारी मगन चूलही इथलीच. विजेच्या युगात मगनदीपाची गंमत वाटेल, पण सौर दिवा विकणारे आज जो युक्तिवाद करतात तो शब्दाशब्दानं तोच आहे.

आणि गूळ. ऊस चांगल्या जमिनीत येतो, पाणी पितो, आणि धान्याची जागा खातो. शिंदी-ताड तर पडीक जागेत, नाल्याच्या काठाला आपोआप उभे असतात. त्यांच्या नीरेचा गूळ करा आणि उसाखालची जमीन धान्याला मोकळी करा, हा कुमारप्पांचा आग्रह होता. दारूबंदीच्या आपल्या जिल्ह्यात शिंदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे भलतंच येतं. पण ताडगुळाचं काम मगनवाडीनं मनापासून केलं.

३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. खेड्यातली अवजारं आणि वस्तू यांचं हे संग्रहालय. ते आजही उभं आहे.

या सगळ्या कामात कुमारप्पांचा एक विचार फार टोकदार आहे, आणि तो विकणाऱ्याला नाही तर विकत घेणाऱ्याला उद्देशून आहे. बाजारातून आणलेली वस्तू म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तिच्या मागे कुणाचं तरी श्रम, कुणाची तरी जमीन आणि कधीकधी कुणावर तरी झालेला जुलूम चिकटलेला असतो. चोरीचा माल स्वस्तात घेणारा चोरीत भागीदार असतो, तसंच इथं. ग्राहकानं विचारायला पाहिजे, की हे इतकं स्वस्त कसं? दूरच्या मालाबद्दल हे कळणं शक्य नसतं, म्हणून होता होईल तितकी खरेदी आपल्याला दिसेल इतक्या टापूतली ठेवावी. त्यांच्या लेखी स्वदेशीचा अर्थ एवढाच होता. झेंड्यापेक्षा पावतीशी त्याचा संबंध जास्त.

राहणीमानाबद्दलही त्यांनी लोकांचा गैरसमज धरला. टेबल-खुर्ची, काटे-चमचे, चिनी मातीच्या बश्या म्हणजे उंच राहणीमान आणि भुईवर बसून केळीच्या पानावर जेवण म्हणजे खालचं, असं आपण धरून चालतो. कुमारप्पा म्हणायचे, ते उंच-खाली नाही, ते गुंतागुंतीचं आणि साधं आहे. पानावर जेवण झालं की पान बकरीला, भांडी घासायची कटकट नाही. साधं म्हणजे हलकं नव्हे. आपल्या लग्नात अजून तीस-चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत पळसाच्या पत्रावळी होत्या. नंतर प्लास्टिकची कोटिंग असलेल्या ताटल्या आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या गावाच्या नाल्यात. उंच राहणीमान ते हेच का, असं कुमारप्पांनी नक्की विचारलं असतं.

१९३७ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं. त्यानं उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली आणि तिचं काम कुमारप्पांकडे दिलं. ६०६ गावं पाहिली गेली. विदर्भाच्या खेड्यांचा त्या काळचा एवढा बारीक हिशेब दुसरीकडे सापडणं कठीण. त्याच सुमारास नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती बसली, तिच्यात कुमारप्पाही होते. थोड्याच महिन्यांत ते बाहेर पडले. समितीचा सगळा कल मोठ्या कारखान्यांकडे होता. तिथं बसून आपला वेळ घालवण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत झालं. पुढे देश कोणत्या वाटेनं गेला ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाच त्यांनी समितीत राहून भांडायला पाहिजे होतं, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

१९४२ च्या आंदोलनात त्यांना पकडलं. जबलपूरच्या तुरुंगात प्रकृती ढासळली, पण तिथंच त्यांनी दोन पुस्तकं लिहून काढली. एक येशूच्या शिकवणीवर. दुसरं इकॉनॉमी ऑफ परमनन्स, म्हणजे टिकणारी अर्थव्यवस्था. १९४५ मध्ये ते बाहेर आलं, गांधीजींनी प्रस्तावना लिहिली आणि ग्रामोद्योगाचे डॉक्टर अशी घरगुती पदवीही त्यांना देऊन टाकली.

या पुस्तकात निसर्गातल्या पाच रीती सांगितल्या आहेत. वाघ शेळीला मारून खातो, ही पहिली. वानर आंब्याच्या बागेत शिरून खातो आणि झाडाला काही देत नाही, ही दुसरी. तिसरी रीत मधमाशीची. ती मध घेते, पण घेता घेता फुलांचं परागीभवन करून जाते. शेतकरी त्यांनी याच रांगेत बसवला, कारण तो नांगरतो, खत देतो, मग घेतो. चौथी पुन्हा मधमाशांचीच, पण पोळ्यासाठी जमवणाऱ्यांची. माणसांत एकत्र कुटुंब. पाचवी पिलाला चारा भरवणाऱ्या पक्षिणीची, परतफेडीची अपेक्षा नसलेली. माणसाला यातली कोणतीही निवडता येते, हा त्यातला मुद्दा. वाघाला ती सोय नाही.

दुसरी मांडणी त्याहून सोपी आहे. एक साठा असतो, एक झरा. कोळसा, पेट्रोल, लोखंड हा साठा. काढला तितका कमी होतो. लाकूड, पाऊस, बैल, माणसाचे हात हा झरा. जपून वापरला तर वाहत राहतो. साठ्यावर चालणारी व्यवस्था एक ना एक दिवस साठ्यासाठी भांडणार, आणि मोठ्या देशांची युद्धं त्यासाठीच होतात, असं त्यांनी दुसरं महायुद्ध चालू असताना तुरुंगात बसून लिहिलं. विदर्भात विहिरी-बोअर खोल खोल नेणाऱ्याला साठा आणि झरा यातला फरक वेगळा समजवून सांगावा लागत नाही. विहिरीचं पाणी झरा होतं. सहाशे फुटांवरचं साठा आहे.

खताबद्दल ते कडक होते. रासायनिक खतानं पीक आज तरारतं, पण जमीन उद्याची ताकद आज खर्च करते, असा त्यांचा हिशेब. द्यायचंच असेल तर आधी माती तपासा आणि डॉक्टरनं औषध लिहून द्यावं तसं जाणकाराच्या सल्ल्यानं द्या. विकणाऱ्याच्या सल्ल्यानं नको. माती आरोग्य पत्रिकेची सरकारी योजना आली २०१५ मध्ये. कृषी केंद्राच्या काउंटरवर खताचा डोस ठरण्याची पद्धत मात्र अजून गेलेली नाही.

पीक नियोजनही त्यांनी मांडलं. १ लाख लोकवस्ती धरून त्यांना धान्य, डाळ, तेल, गूळ, दूध, भाजी, फळं आणि कपड्यापुरता कापूस किती लागेल आणि त्यासाठी किती एकर हवेत, याचं कोष्टकच तयार केलं. इथपर्यंत ठीक. पण पुढे ते म्हणतात, की कोणत्या जमिनीत काय पेरायचं याचा परवाना शेतकऱ्याला द्यावा. कापसाच्या जिल्ह्यात हे कोण ऐकेल? भाव पडला तर नुकसान शेतकऱ्याचं आणि पेरायचं ठरवणार दुसरा, हे जमणारं नाही. कुमारप्पांची नियत साफ होती, पण परवाना देणारा बाबू सगळीकडे कुमारप्पांसारखा नसतो.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला पाहिजे. हातसडीचा तांदूळ अंगाला चांगला, जात्यावरचं पीठ चांगलं, हे खरंच. पण मुसळ आणि जातं कुणाच्या हातात? बाईच्या. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईला पिठाची गिरणी आली तेव्हा सुटका वाटली, आणि ती खोटी नव्हती. श्रमाचा हिशेब इतका काटेकोर ठेवणाऱ्या या माणसाच्या वहीत हे कलम थोडं पुसट राहिलं.

स्वभाव तापट. चुकीचा हिशेब, उशीर, दिखाऊपणा सहन होत नसे. लग्न केलं नाही. धोतर सांभाळणं जड जातं आणि पायजम्याला शिवणकाम लागतं म्हणून दोन्हीच्या मधला एक पोशाख स्वतः तयार केला, त्याला धोतीजामा म्हणायचे. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत बैठकीला ते टांग्यानं निघाले, तर पोलिसानं अडवलं, म्हणे या रस्त्यावर टांगे-बैलगाड्यांना बंदी. कुमारप्पांनी थेट नेहरूंकडे तक्रार केली. लष्कराचे ट्रक धावतात, गाडीवानाच्याच जिवासाठी बंदी आहे, असं उत्तर आलं. मग ज्याच्यामुळे जीव जातो त्या ट्रकला बंदी घाला, गाडीवानाला कशाला, असा त्यांचा उलट सवाल होता. हा किस्सा गांधीवादी मंडळींत खूप सांगितला जातो.

काँग्रेसनं जमीन सुधारणेसाठी समिती नेमली तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांनाच बोलावलं. देशभर फिरून १९४९ मध्ये अहवाल दिला. जमीन कसणाऱ्याची असावी, आणि कुटुंबाचा निर्वाह नीट होईल एवढ्या जमिनीच्या तिपटीवर कमाल मर्यादा असावी. सिलिंगचा कायदा पुढे आला त्याची मुळं या अहवालात आहेत. अंमलबजावणी कशी झाली, हे तलाठ्याच्या दप्तरात बघावं.

गांधीजी गेले होते. दिल्लीत कारखाने आणि धरणांची भाषा चालू होती. मगनवाडी सोडून कुमारप्पा सेलू तालुक्यातल्या सेलडोहला आले आणि तिथं पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. साठीला आलेला, रक्तदाबानं बेजार माणूस. कागदावर मांडलेली शेती वावरात करून दाखवायची त्याची धडपड होती. प्रकृतीनं साथ दिली नाही. काही वर्षांतच त्यांना विदर्भ सोडावा लागला आणि ते तमिळनाडूत मदुराईजवळ कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. वर्ध्यात रुजलेलं झाड म्हातारपणी परत माहेरच्या मातीत नेऊन लावल्यासारखं झालं. तिथल्या खोलीत एका गरीब खेडुताचं चित्र होतं. पाहुण्यांना ते सांगत, गांधी माझे गुरू, आणि हा माझ्या गुरूचा गुरू.

३० जानेवारी १९६० ला ते गेले. तारीख गांधीजींच्या पुण्यतिथीची.

तेरा वर्षांनी, १९७३ मध्ये, शूमाखर या अर्थतज्ज्ञाचं स्मॉल इज ब्यूटिफुल इंग्लंडमध्ये निघालं आणि जगभर गाजलं. त्यात कुमारप्पांचा आधार घेतलेला आहे. मगनवाडीचं नाव तिकडच्या वाचकानं असं ऐकलं.

मगनवाडीत आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, मगन संग्रहालय आहे. इकडे सेलडोहच्या भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे. मुंबईपर्यंत गाड्या सुसाट. त्या रस्त्यावर बैलगाडीला बंदी आहे, आणि पलीकडच्या वावरात जाणारा शेतकरी पुलाखालून जातो.